सलीम अली आणि पाखरे धरणारी माणसे

आबिड्सला रविवारी दुकाने बंद असतात आणि बंद शटरांपुढच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो, हे आपल्या सभासदांना सांगायला नको. नोकरीच्या काळात आम्ही काचीगुड्याला राहत होतो. रविवारी सकाळी बडीचावडी, कोठी करत चालत निघायचे, जनरल पोस्ट ऑफिसपासून सुरुवात करायची आणि पिशवी भरली की परतायचे, हा आमचा कितीतरी वर्षांचा नेम. अशाच एका रविवारी आम्हाला ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ या पुस्तकाची पुठ्ठा निघालेली एक प्रत मिळाली. आधीच्या मालकाने पक्ष्यांच्या नावांपुढे पेन्सिलीने बरोबरच्या खुणा करून तारखा आणि जागा लिहिल्या होत्या. मीर आलम तलाव, हिमायतसागर, उस्मानसागर. खतावणीत खुणा करण्यात ज्यांचे आयुष्य गेले अशा आमच्यासारख्यांना तो हिशेब फार आवडला. पुस्तक घेतले, आणि त्यानिमित्ताने लेखकाच्या आयुष्यात डोकावण्याची सवय लागली.

लेखक म्हणजे अर्थातच डॉ. सलीम अली. पक्ष्यांचा मोठा अभ्यासक म्हणून त्यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पण दोन गोष्टी आपल्याकडे कमी बोलल्या जातात. एक म्हणजे त्यांच्या कामाची पहिली मोठी मोहीम आपल्या हैदराबाद संस्थानात झाली. दुसरी म्हणजे जाळी आणि फासे लावून पाखरे धरणाऱ्या माणसांशी त्यांचे काम आयुष्यभर जोडलेले राहिले. या दुसऱ्या गोष्टीसाठी हा लेख आहे.

सलीम मोईझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आई गेली. भावंडांत हे सर्वांत धाकटे. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या पोरक्या मुलांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. त्या काळच्या सुखवस्तू घरांप्रमाणे या घरीही स्वयंपाकासाठी तितर आणि लावे जिवंत विकत आणले जात. लहानग्या सलीमला त्यातले एखाददुसरे मागून घेऊन पिंजऱ्यात पाळण्याचा नाद होता. हे तितर-लावे कोणी तरी रानात फासे लावून धरलेले असत. म्हणजे पक्ष्यांशी त्यांची पहिली ओळख फासेवाल्याच्या टोपलीतून झाली, असे म्हणायला हरकत नाही.

पुढची कथा प्रसिद्ध आहे. दहा-बारा वर्षांच्या सलीमने एअरगनने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही चिमणी कोणती, हे विचारायला मामाची चिठ्ठी घेऊन मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या कचेरीत गेला. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखली, आणि भुसा भरून ठेवलेल्या पक्ष्यांची कपाटे उघडून त्या मुलाला दाखवली. एका साहेबाने एका मुलासाठी अर्धा तास काढला, त्यातून देशाला पक्षीशास्त्रज्ञ मिळाला. गिऱ्हाईक लहान असले तरी काउंटरवरून परत पाठवू नये, असे आम्हाला सुरुवातीला शिकवले होते. त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही.

शिक्षणात सलीम अली चमकले नाहीत. १९१३ साली मॅट्रिक कसेबसे पार पडले. कॉलेज अर्धवट सोडून ब्रह्मदेशात तव्हॉय येथे घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यावर देखरेख करायला गेले. धंद्यापेक्षा भोवतालच्या जंगलात मन अधिक रमले. १९१७ साली परत आल्यावर मुंबईच्या दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबशास्त्र शिकले. आम्हा वाणिज्य शाखेच्या लोकांना हे वाचून जरा बरे वाटते. मात्र त्याच वेळी ते झेव्हियर्स कॉलेजात फादर ब्लाटर यांच्याकडे प्राणिशास्त्रही शिकत होते. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी विवाह झाला.

विद्यापीठाची पदवी हाती नसल्यामुळे झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियातली पक्षीशास्त्रज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ साली प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून महिना ३५० रुपयांवर नेमणूक झाली. दोन वर्षांनी अभ्यासरजा घेऊन ते बर्लिनला प्राध्यापक स्ट्रेसमान यांच्याकडे गेले. जर्मनीच्या मुक्कामात त्यांनी हेल्गोलँड बेटावरचे पक्षी-केंद्र पाहिले. समुद्रावरून थकून आलेली पाखरे तिथे मोठ्या नरसाळ्यासारख्या सापळ्यात शिरत. त्यांच्या पायात क्रमांकाची हलकी कडी अडकवायची आणि सोडून द्यायचे, असा उद्योग तिथे चाले. पाखरू धरायचे, पण ठेवायचे नाही. ही कल्पना त्यांच्या मनात तिथे पक्की झाली असावी.

१९३० साली परत आले तर पैशाअभावी नोकरीच रद्द झालेली. मुंबईचा खर्च परवडेना, म्हणून पतिपत्नी अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिली. घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे ते दिवसचे दिवस बघत बसले. नर अर्धे घरटे विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडले तर राहते, आणि मग नर दुसरे घरटे विणून दुसरी मादी बोलावतो, हा सुगरणीचा संसार त्यांनी उलगडला. बेकारीच्या महिन्यांत झालेले हे काम पुढे जगभर गाजले.

आणि मग आले आपले हैदराबाद. संस्थानातल्या पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. सलीम अलींनी सुचवले की प्रवासाचा आणि मुक्कामाचा खर्च मिळाला तर आपण हे काम बिनपगारी करू. निजाम सरकारने ते मान्य केले. १९३१-३२ मध्ये ही पाहणी झाली. तेव्हाच्या संस्थानात तेलंगणाबरोबर औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हेही होते. म्हणजे आपल्यापैकी अनेकांच्या आजोळचा मुलूख या पाहणीच्या कक्षेत होता. तेहमिना मुक्कामांवर सोबत असत. पाहणीचा अहवाल १९३३-३४ मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये क्रमशः आला. त्यानंतर कोचीन, त्रावणकोर, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशी संस्थानामागून संस्थाने झाली. पण श्रीगणेशा इथला.

एक गोष्ट मात्र लपवू नये. ही पाहणी बंदुकीने झाली. त्या काळी पक्षी मारून, कातडे भरून, चिठ्ठी लावून संग्रहालयात ठेवल्याशिवाय नोंद पक्की मानत नसत. सलीम अली उत्तम नेमबाज होते, त्यांना शिकार आवडे, आणि त्यांनी हे कधी नाकारले नाही. पाखरांवर प्रेम करणारा माणूस पाखरे मारत होता, हे आजच्या मुलांना विचित्र वाटेल. पण त्या कातड्यांवरच्या चिठ्ठ्यांमुळेच नव्वद वर्षांपूर्वी कुठे कोणता पक्षी होता, हे आज सांगता येते.

आता पाखरे धरणाऱ्यांकडे वळू. मराठवाड्यात ज्यांचे बालपण गेले त्यांनी फासेपारधी पाहिलेले असतील. तातीचे किंवा केसांचे बारीक फासे जमिनीलगत ओळीने रोवायचे, पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून त्याला बोलू द्यायचे, आणि त्याच्याशी भांडायला आलेला रानतितर पायात फास अडकून धरायचा, ही त्यांची जुनी विद्या. संस्थानिकांना शिकारीसाठी लागणारे चित्ते जिवंत धरून देणारेही पारधीच. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायद्याने पुसला गेला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. लोकांच्या मनातून पुसला गेला का, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःला द्यावे.

दलदल आणि फासेवाला यांचे नाते जगभर आहे. आपल्यातल्या अनेकांची मुले अमेरिकेत आहेत. तिथे नदीकाठच्या पाणथळीत कातड्यासाठी मस्करॅट नावाचा मोठ्या उंदरासारखा प्राणी आणि काळ्या मुखवट्याचा रॅकून सापळ्यात धरण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आपल्याकडच्या पाणथळीचे चित्र वेगळे. इथे थंडीत उत्तरेकडून लाखोंनी बदके उतरतात, आणि फासेवाला त्यांच्या मागे असतो. बिहारमध्ये या कामात तरबेज असलेली एक जमात आहे, मीरशिकार. बादशाही काळात शिकारखान्यावरच्या माणसाला मीर-ए-शिकार म्हणत, त्यावरून हे नाव. वड-पिंपळाच्या चिकाचा चिकटा लावलेली लांब वेळूची काठी फांदीवरच्या पाखराला अलगद टेकवायची, अंधाऱ्या रात्री पाण्यावर जाळी ताणायची, पाखराच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करायची, हे सगळे त्यांना येई. पकडलेले पाखरू बाजारात जाई, पिंजऱ्यात किंवा पातेल्यात.

१९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासानूर जंगलात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. या तापाचा विषाणू रशियातल्या एका रोगाच्या विषाणूशी जवळचा निघाला. स्थलांतर करणारे पक्षी अंगावरच्या गोचिडांबरोबर तो आणतात की काय, असा प्रश्न जागतिक आरोग्य संघटनेपुढे आला. सलीम अलींना पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याची मोठी योजना हवीच होती. १९५९ च्या सुमारास संघटनेच्या मदतीने सोसायटीने काम सुरू केले. मोठे ठिकाण ठरले राजस्थानातले भरतपूर, केवलादेव घना.

भरतपूरचा इतिहास सांगण्यासारखा आहे. अजान बंधाऱ्याचे पाणी सोडून महाराजांनी तिथे मुद्दाम दलदल केली होती, बदकांच्या शिकारीसाठी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारात एका दिवसात ४२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तिथल्या दगडावर कोरलेला आहे. त्याच दिवशी सलीम अली बेचाळीस वर्षांचे झाले. स्वातंत्र्यानंतर ही दलदल आटवून जमीन शेतीला वाटावी अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी थेट पंडित नेहरूंकडे शब्द टाकला आणि ती वाचवली.

तर या भरतपुरात हजारो पक्षी जिवंत, इजा न होता धरायचे कोणी? प्राणिशास्त्राच्या पदवीधरांना ते येत नव्हते. सलीम अलींनी मीरशिकारांना कामावर घेतले. तारेसारख्या दोन खांबांमध्ये ताणलेली, डोळ्यांना न दिसणारी बारीक धाग्याची जपानी जाळी आली. पण ती कुठे लावायची, कोणत्या वेळी, वारा कुठून असताना, हे मीरशिकार सांगत. जाळ्यात गुंतलेल्या बदकाचा पंख न दुखावता ते सोडवण्याची बोटेही त्यांचीच. मग शास्त्रज्ञ वजन-मापे घेत, गोचीड आणि रक्ताचे नमुने घेत, पायात क्रमांकाची ॲल्युमिनियमची कडी अडकवत, आणि पाखरू आकाशात सोडून देत.

आमच्या भाषेत सांगायचे तर कडी म्हणजे खाते क्रमांक. पहिली नोंद भरतपूरला, पुढची नोंद कुठे होईल ते देव जाणे. कोणाला कडीवाला पक्षी सापडला तर त्याने मुंबईला कळवावे, असा पत्ता कडीवर असे. भरतपूरला कडी घातलेली बदके सैबेरियात सापडल्याच्या नोंदी आल्या. एका बिहारी फासेवाल्याच्या हाताने लागलेली कडी हिमालय ओलांडून गेल्याचे त्या नोंदींतून कळे. बदके उत्तरेकडे जातात एवढे आधीही ठाऊक होते. कोणते बदक, कुठवर आणि कोणत्या महिन्यात, हे आता लेखी मिळू लागले.

आम्हाला यात सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट अशी. सलीम अलींनी फासेवाल्याची विद्या वाईट ठरवून टाकून दिली नाही. हात तेच, डोळा तोच, अंधाऱ्या रात्री पाण्यात उभे राहण्याचा चिवटपणाही तोच. फक्त पाखराचा शेवट बदलला. आणि ज्या माणसाला समाज पोलिसांच्या नजरेने बघत होता, त्याला पगार आणि कामाच्या जागी उस्ताद म्हणून मान मिळाला.

मात्र या योजनेच्या पैशावरून वाद झाला. पुढच्या टप्प्यात अमेरिकी लष्कराशी जोडलेल्या एका संशोधन संस्थेचा निधी आला. जैविक युद्धाच्या तयारीसाठी तर आपले पक्षी वापरले जात नाहीत ना, असा प्रश्न वृत्तपत्रांत आला आणि संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेला. सोसायटीने आपली माहिती उघड जर्नलमध्ये छापली जाते असे सांगितले. तरी पैसा कोणाचा आहे हे आधी बघावे, हा धडा राहिलाच. लेखापरीक्षण सोसलेल्या कोणालाही तो पटेल.

आणखी एक हिशेब जमेचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि १९९१ पर्यंतच्या निर्बंधांनी देशी पाखरे धरणे-विकणे बंद झाले. हे योग्यच झाले. पण सोसायटीच्या कामावर घेतले गेले ते थोडे मीरशिकार. बाकीच्यांचे आणि आपल्या पारध्यांचे काय, याची तरतूद कायद्यात नव्हती. भरतपूरलाही असेच घडले. ते राष्ट्रीय उद्यान होताना म्हशींची चराई बंद केली गेली. सलीम अली आणि त्यांच्या संस्थेचे मतही चराईविरुद्ध होते. नोव्हेंबर १९८२ मध्ये गावकरी आणि पोलीस यांच्यात संघर्ष झाला आणि गोळीबारात माणसे मेली. नंतर सोसायटीच्याच दीर्घ अभ्यासात दिसले की म्हशी चरायच्या थांबल्यावर पाण्यातले गवत माजले आणि पाणपक्ष्यांची जागाच कमी झाली. फासेवाल्याचे ज्ञान ज्यांनी ओळखले, त्यांच्याकडून गुराख्याचे ज्ञान निसटले. मोठ्या माणसाचे चरित्र लिहिताना ही ओळ खोडावी असे आम्हाला वाटले नाही. संस्थेने ते निष्कर्ष प्रसिद्ध केले, हेही याच हिशेबात लिहावे लागते.

घरगुती आयुष्यात मोठा घाव १९३९ साली बसला. एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना गेल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही, बहीण-मेहुण्यांकडे राहिले आणि कामात बुडून गेले. १९४१ साली ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले. डिलन रिप्ली यांच्याबरोबरचा दहा खंडांचा ग्रंथ १९७४ साली पुरा झाला. १९५८ साली पद्मभूषण, १९७६ साली पद्मविभूषण. गेटी पारितोषिकाचे ५० हजार डॉलर मिळाले, त्यातून सोसायटीचा निसर्गसंवर्धन निधी उभा राहिला. १९८५ साली ते राज्यसभेवर गेले.

शेवटची गोष्ट पुन्हा आपल्या मुलखाच्या बाजूची. जेर्डनचा धाविक हा जमिनीवर धावणारा रात्रीचा पक्षी. गोदावरीच्या खोऱ्यात सिरोंचा आणि भद्राचलम भागात एकोणिसाव्या शतकात त्याची नोंद होती. १९०० नंतर कोणाला दिसला नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी शोधला, नामशेष झाला असे मानले गेले. सोसायटीचे तरुण संशोधक भरत भूषण यांनी आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यात पक्ष्याचे चित्र दाखवत गावागावांत विचारपूस केली. जानेवारी १९८६ मध्ये तिथल्या एका शिकाऱ्याने रात्री बॅटरीच्या उजेडात तो पक्षी जिवंत धरून आणला. ८६ वर्षे पुस्तकात मेलेला पक्षी गावाला ठाऊक होता. तेलुगूत त्याला कलिवि कोडि म्हणतात, म्हणजे करवंदीच्या जाळीतली कोंबडी. पकडलेला पक्षी फार जगला नाही, पण त्याच्यामुळे लंकामल्ल डोंगरातले अभयारण्य झाले. बातमी आली तेव्हा सलीम अली एकोणनव्वद वर्षांचे होते. पुढच्या वर्षी, २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

फुटपाथवरची ती प्रत आमच्याकडे अजून आहे. पेन्सिलीच्या जुन्या खुणांशेजारी आता आमच्या शाईच्या खुणा आहेत. येत्या १२ नोव्हेंबरच्या आसपासच्या रविवारी पहाटे हिमायतसागरला जावे असा आमचा बेत आहे. मंडळातल्या मुलांना जरूर पाठवा. दुर्बीण आमच्याकडे एक आहे. बदके कुठे उतरतात ते तलावावर मासे धरणाऱ्यांना विचारू, त्यांना ते आपल्यापेक्षा नक्की ठाऊक असते. परतताना आबिड्सला थांबू.